दालचिनीचं सूनमुख

शहाण्या माणसानं लेबल बदललं असतं. मी माल बदलला.

जळगावात आमचं मसाल्याचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे गोदाम, त्याला लागून घर आणि गोदामाला चिकटून डंखाचं यंत्र, ज्यात मिरच्या, हळकुंडं, धणे असं सगळं कांडलं जातं. आजोबा सुटा मसाला विकायचे, वडिलांनी त्याच्या पुड्या बांधल्या आणि मी त्याची छापील पाकिटं केली. पाकिटं आली की त्यांच्यामागून कायदा येतो. पुडीवर काही लिहावं लागत नाही. पाकिटावर मात्र आत काय आहे, किती आहे, कधी भरलं, कधीपर्यंत चांगलं राहील, परवाना क्रमांक काय, हे सगळं लिहावं लागतं. आणि जे लिहिलं तेच आत असावं लागतं. गोची नेमकी तिथे झाली.

एका सकाळी अन्न सुरक्षा अधिकारी मॅडम दुकानात आल्या. तिशीतल्या, कोकणाकडच्या, बोलायला मऊ आणि बघायला कडक. त्यांनी आमच्या दालचिनी पुडीचं पाकीट उचललं, मग डंखाजवळच्या सालींच्या ढिगातली एक जाडजूड साल उचलली आणि दोन्ही माझ्यासमोर धरली.

"भाऊ, पाकिटावर काय लिहिलंय?"

"दालचिनी."

"आणि ही काय आहे?"

"दालचिनीच."

"ही तज आहे. जाड, लाकडासारखी, एकच वळी असलेली. दालचिनी पातळ असते, विडीसारखी गुंडाळलेली, थरावर थर. बोटांनी दाबली तर चुरा होतो."

"मॅडम, आमच्या खान्देशात हिलाच दालचिनी म्हणतात. माझ्या आजोबांपासून म्हणतात."

"तुमचे आजोबा म्हणत असतील. कायदा म्हणत नाही. एक तर लेबलवर तज लिहा, नाहीतर आत दालचिनी भरा. सुधारणेला मुदत देते."

आता बघा, एवढाच प्रश्न होता. छापखान्यात जायचं, दालचिनी खोडायची, तज लिहायचं आणि घरी येऊन जेवायचं. माझी बायको त्याच दुपारी म्हणालीसुद्धा, "दोन अक्षरं तर आहेत. उलट सोपंच झालं." पण मी पडलो जळगावचा. इथे रस्त्याच्या एका बाजूला सोन्याची दुकानं आणि दुसऱ्या बाजूलाही सोन्याचीच दुकानं. अशा गावात वाढलेल्या माणसाला कुणी म्हणावं की तुझा माल अस्सल नाही? मी छाती काढून जाहीर केलं, "आपण खरी दालचिनी आणू. जिथे पिकते तिथून. थेट."

"थेट म्हणजे?"

"आयात."

बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती दरवर्षी मी योगासनं सुरू करतो तेव्हा पाहते.

आयातीचं सगळं सांगत बसलो तर तुमचा चहा गार होईल. थोडक्यात सांगतो. आयात-निर्यातीचा कोड काढला. राज्याचा परवाना होता, तो आयातीला चालत नाही म्हणून केंद्राचा काढला. मुंबईचा एक एजंट गाठला. श्रीलंकेच्या एका व्यापाऱ्याशी मोडक्या इंग्रजीत इतकं गोड बोललो की शेवटी त्यानं मला ब्रदर म्हणायला सुरुवात केली. पुन्हा शहाणपणा असा की साली न मागवता पूड मागवली. कारण साली आणल्या असत्या तर आमच्या डंखात कांडाव्या लागल्या असत्या. आणि आमच्या डंखाला मिरचीची इतकी सवय आहे की त्यातून साखर काढली तरी ठसका लागेल.

माल बंदरात आला आणि अडकला. पोत्यांवर लंकेच्या व्यापाऱ्याचं सगळं होतं, माझं काहीच नव्हतं. एजंट फोनवर म्हणाला, "भाऊ, तुमचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि हिरवा ठिपका, एवढे स्टिकर गोदामातच लावायची परवानगी मिळते. या."

"हिरवा ठिपका? दालचिनी शाकाहारी आहे, हे सांगावं लागतं?"

"लावून टाका. नसलेल्या ठिपक्यापेक्षा असलेला बरा."

मी आणि बायको गेलो. दिवसभर उन्हाळ्याच्या उकाड्यात पोत्यापोत्याला टिकली लावल्यासारखे हिरवे ठिपके लावले. बायको म्हणाली, "लग्नात माझ्या कपाळाचं कुंकू तू नाकावर लावलं होतंस. आता बघ किती सराईत." बंदरावरच्या लोकांनी नमुना घेतला, तो प्रयोगशाळेत पास झाला, ना-हरकत प्रमाणपत्र मिळालं आणि एका दिवशी ट्रक आमच्या दारात उभा राहिला. तीन पदरी कागदाची, आतून प्लास्टिक लावलेली, निळ्या दोऱ्यानं शिवलेली देखणी पोती. गोदामात रांगेनं उभी केली तेव्हा आमच्या मिरचीच्या तागाच्या गोण्या त्यांच्यापुढे गरीब नातेवाइकांसारख्या दिसायला लागल्या.

मी लगेच दोन फोन केले. एक मॅडमना: "माल आला, मॅडम. कधीही या. अस्सल दालचिनी बघा." त्या म्हणाल्या, "बघते." दुसरा धुळ्याला, अक्काला.

अक्का म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. अख्खं घर तिला अक्काच म्हणतं. वय पंच्याहत्तरच्या पुढे, उंची पाच फुटांच्या आत, बोली अहिराणी आणि आवाज पारोळ्यापर्यंत. आजोबांच्या काळापासून आमच्याकडे एक रीत आहे. नवा माल गोदामात आला की अक्का येणार, पहिल्या गोणीला बाहेरून हळदीकुंकू लावणार, चिमूटभर माल तळहातावर चोळून नाकाशी नेणार आणि म्हणणार, "चालू द्या." ती म्हणेपर्यंत डंख चालू होत नाही. लग्न होऊन धुळ्याला गेली तरी रीत सुटली नाही. आजोबा गेले, वडील गेले, तिचे यजमानही गेले, पण अक्का दर नव्या मालाला एसटीनं येतेच. आमच्या काळ्या मसाल्याला जी चव आहे ती तिच्या नाकातून आलेली आहे, असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. गिऱ्हाइकं थोडी बिचकतात, पण मसाला नेतात.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास अक्का आली. पिशवीत हळदीकुंकवाचा करंडा. परदेशी पोत्यांची रांग बघून ती थबकली.

"हाई कोण शे?"

"दालचिनी, अक्का. श्रीलंकेहून आली. समुद्रावरून."

अक्का एका पोत्याभोवती फिरली. हात लावून पाहिला. "इतला लांबून एकटी उनी? कोन्ही ओळखनं ना पाळखनं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग हाई काय माल नही शे रे पोऱ्या. हाई तं सून शे."

वयाच्या बावन्नाव्या वर्षीही मी पोऱ्याच आहे, हे तुम्हाला कळलं असेल.

इथे बायकोनं आग लावली. तिला सवय आहे. अगदी भोळा चेहरा करून म्हणाली, "मग अक्का, सूनमुख करायला पाहिजे."

लग्नात सासू नव्या सुनेला शेजारी बसवते आणि आरशात तिचं तोंड बघते, ते सूनमुख. त्याआधी ती सून घरात नुसती उभी असते. सूनमुख झालं की ती घरची होते. अक्काचे डोळे चमकले. बायकोनं घरातून हातभर आरसा आणला. अक्का पहिल्या पोत्याशेजारी स्टुलावर बसली, आरसा समोर धरला आणि तिचं तोंड पडलं. आरशात नुसता शिवलेला कागद दिसत होता.

"उघाड."

"अक्का, ते उघडायचं नसतं. पूड आहे. हवा लागते, धूळ लागते. पाकिटं भरतानाच..."

"सूननं तोंड झाकीसन सूनमुख करतस का रे?"

याला कुठल्या नियमावलीत उत्तर आहे? मी दोरा ओढला. प्लास्टिक बाजूला केलं. आणि काय वास आला म्हणून सांगू! तज नाकात घुसते, ही दालचिनी नाकाजवळ येऊन लाजून उभी राहिली. अक्कानं आरशात त्या तांबूस पुडीकडे पाहिलं, समाधानानं मान डोलावली, आणि मी "अक्का, बाहेरून, बाहेरून" म्हणेपर्यंत चिमूटभर हळद आणि चिमूटभर कुंकू थेट पुडीवर वाहिलं. मी पोत्याचं तोंड मिटायला धावलो. माझे हात पोचायच्या आत तिनं ओटी भरली. मूठभर तांदूळ, खोबऱ्याची वाटी, सुपारी आणि हळकुंड, सगळं पोत्यात.

"आते हाई घरनी व्हयनी," अक्का म्हणाली. "चालू द्या."

मी हसत होतो. मनात मात्र हिशोब मांडत होतो. हळद एक वेळ ठीक, ती तरी मसाला आहे. पण कुंकू म्हणजे रंग, आणि कांडलेल्या मसाल्यात रंग सापडणं म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. मिरचीत विटकरीची भुकटी आणि कुंकवाचा रंग कायद्याच्या नजरेत भाऊभाऊ. तसा नमुना प्रयोगशाळेत गेला तर माल असुरक्षित ठरणार. मग परवाना, दुकान आणि तीन पिढ्यांचं नाव, सगळंच पणाला. पण अक्काला हे त्या क्षणी सांगणं मला जमेना. ती इतकी खूष होती की मी ठरवलं, हे पोतं हळूच बाजूला काढू. संध्याकाळी बघू.

बायको स्वयंपाकघरात वरण-बट्टीच्या तयारीला गेली. अक्का तिथेच खुर्चीत बसली आणि मांडीवर आरसा ठेवून तिला डुलकी लागली. आणि दुकानाच्या दारात गाडी थांबल्याचा आवाज आला. फटीतून पाहिलं तर मॅडम! बरोबर त्यांचा शिपाई, हातात नमुन्याच्या बाटल्या आणि लाखेची पेटी.

मी आयुष्यात इतक्या वेगानं कधी काम केलेलं नाही. वाढायचा डाव घेतला, वरचा थर उपसला, कुंकू, तांदूळ, खोबरं, सुपारी सगळं एका डब्यात टाकलं, झाकण लावलं. पोत्याचं तोंड दुमडलं, हातमशीननं शिवलं, कुशीत घेऊन सरकवलं आणि रांगेच्या मधोमध उभं केलं. मग रुमालानं तोंड पुसलं आणि दुकानात जाऊन नाटकातल्या राजासारखा म्हणालो, "या, या, मॅडम! स्वागत आहे!"

मॅडमनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. कागद तपासले, प्रमाणपत्र वाचलं, मग गोदामात आल्या. रांगेवरून चालत गेल्या, परत आल्या आणि मधोमध थांबल्या.

"बाकी सगळ्यांना निळा दोरा आहे. याला पांढरा कसा?"

तुम्हाला वाटेल मी गडबडलो. अजिबात नाही. खोटं बोलायची वेळ आली की माझी जीभ लोण्यासारखी चालते, हा माझा जुना दोष आहे. "बंदरावर, मॅडम. त्यांनी नमुना घेतला ना, तेव्हा उघडलं असेल. मग त्यांनीच शिवलं."

खोटं इतकं सुबक होतं की मला त्याचा अभिमान वाटला. अर्धा क्षण. कारण पाठीमागून खुर्ची करकरली.

"कोन्ही उघाडं?"

अक्का जागी होती.

"काही नाही अक्का, तू आराम कर. हे आमचं सरकारी..."

"बंदरवाला काय म्हणून उघाडी?" अक्का उठून उभी राहिली. पाच फुटांच्या आतली उंची, पण गोदाम तेवढ्यानं भरलं. "मी उघाडं! सूनमुख मी कयं! मन्हा हाते, ह्या करंडातलं कुंकू लाईसन! अन् हाऊ म्हणस, बंदरवालास्नी उघाडं?"

लक्षात घ्या, अक्का प्रामाणिकपणासाठी बोलली नाही. तिला कायद्याचं काही पडलं नव्हतं. तिचा राग वेगळाच होता: सून घरात घेतली तिनं, आणि मी मान देत होतो कुठल्यातरी बंदरवाल्याला.

मी डोळे मिटले. मॅडम अतिशय शांत आवाजात म्हणाल्या, "अक्का, आत काय काय घातलंत?"

अक्कानं बोटांवर मोजत सांगितलं. तांदूळ, खोबरं, सुपारी, हळकुंड, हळद, कुंकू. मॅडमनी एकेक लिहून घेतलं. मी चोरून पाहिलं तर कागदावर लिहिलं होतं: बाह्य पदार्थ. मला शेवटची आशा सुचली.

"मॅडम, कुंकू बाजारचं नाही. अक्का घरी करते. हळदीचंच असतं. लिंबू घालून..."

"भाऊ, कुंकू घरचं असो की दारचं, ते खायचं नसतं." त्यांनी पेन बंद केलं. "आणि बंदरावर उघडलेल्या पोत्यावर तशी पट्टी लावतात. ती याच्यावर नाही. पण मला ते दारातच कळलं होतं."

"दारात? कसं काय?"

"अक्का, त्यांना जरा आरसा दाखवा."

अक्कानं आरसा वर धरला. मी पाहिलं. माझ्या मिशीच्या डाव्या टोकाला दालचिनीची पूड होती. उजव्या टोकाला लालभडक कुंकू. आणि कानामागे, कसा अडकला देव जाणे, एक तांदूळ. दारात मी ह्या अवतारात "स्वागत आहे" म्हणालो होतो.

बायको आतून पाणी घेऊन आली, माझ्याकडे बघितलं आणि तांब्या तसाच खाली ठेवून परत आत गेली. तिच्या हसण्याचा आवाज वरण उकळेपर्यंत येत होता.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. "तुम्ही खोटं बोललात ते मला आवडलं नाही, भाऊ. हे पोतं गुपचूप पाकिटात गेलं असतं तर?"

"नसतं गेलं, मॅडम. बाजूला काढणारच होतो."

"मग मधोमध का उभं केलं होतं?"

मी रुमाल काढून मिशी पुसायला लागलो. कुंकू आणखी पसरलं.

पांढऱ्या दोऱ्याचं पोतं त्यांनी वेगळं काढायला लावलं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: विक्रीसाठी नाही. मग निळ्या दोऱ्याचं एक पोतं स्वतः निवडलं, माझ्यासमोर उघडलं, नमुना घेतला, त्याचे चार भाग केले, बाटल्या बांधल्या, लाख लावली, मोहर मारली. मला सुधारणेची लेखी सूचना दिली आणि ती वाचूनही दाखवली: उघड्या मालाजवळ जाताना टोपी, धुतलेले हात. "बाहेरचं माणूस गोदामात आलं तर वहीत नाव, तारीख आणि येण्याचं कारण."

अक्का हे सगळं ऐकत होती. शेवटी साक्षीदाराची सही हवी होती. सगळं डोळ्यांनी पाहिलेली अक्का पुढे झाली. "मी करस सही. मी बठ्ठं देखेल शे."

"तुम्हाला नाही चालणार, अक्का. तुम्ही घरच्या. साक्षीदार बाहेरचा हवा."

समोरच्या चहावाल्या नानांनी येऊन सही केली. अक्कानं करंडा पिशवीत ठेवला. मॅडम गेल्यावर मला म्हणाली, "पोतं उघाडतांना मी बाहेरनी. सही करतांना घरनी. तुना कायदानं एकदाव ठरावी ल्यावं, मी कोण शे."

बट्टी न खाता ती धुळ्याला निघाली. विक्रीसाठी नाही असलेलं ते पोतं मात्र तिनं सोडलं नाही. "सून शे. फेकतस का?" म्हणून मला गाडी काढायला लावली. एरंडोलपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली. पारोळ्याला चहा घेतला नाही. धुळ्याला दारात उतरून एवढंच म्हणाली, "संभाळीसन जाय." तेही मला की गाडीला, कळलं नाही.

नमुन्याच्या अहवालाला चौदा दिवस लागतात. ते चौदा दिवस मी मिशी न पिळता काढले. अहवाल चांगला आला. दालचिनी दालचिनीच निघाली, रंग नाही, भेसळ नाही. मी बाजारात पेढे वाटले. गिऱ्हाइकांनी पेढे खाल्ले आणि आठवडाभरात पाकिटं परत आणली. "भाऊ, ही दालचिनी नकली आहे. झणकाच नाही." आयुष्यभर तज खाल्लेल्या जिभांना अस्सल माल बेचव लागला. शेवटी मी दोन्ही पाकिटं ठेवली, एकावर तज, एकावर दालचिनी. म्हणजे बायकोनं पहिल्याच दुपारी सांगितलेलं लेबल अखेर छापलं. तिनं त्यावर फक्त "हं" केलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की एका "हं"मध्ये पुष्कळ मावतं.

पण खरी अडचण पुढेच होती. अक्का यायची बंद झाली. फोनवर मी मसाल्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "बाहेरनी बाईले काय इचारतस?" धण्याचा नवा माल आला, मी बाहेरून कुंकू लावलं, पण हात तिचा नव्हता. काळ्या मसाल्यात काहीतरी कमी पडायला लागलं. काय ते मला ओळखता येईना, कारण ते ओळखणारं नाक धुळ्याला रुसून बसलं होतं. मग दालचिनीची दुसरी खेप आली आणि बायकोनं संप केला. "अक्का आल्याशिवाय मी एक पोतं उघडणार नाही, आणि तुलाही उघडू देणार नाही."

मी मॅडमना फोन केला. घसा साफ केला, आवाजात करुण रस आणला. "मॅडम, एक म्हातारी बाई, जिच्या हातानं तीन पिढ्या..."

"भाऊ, नाटक नको. काय हवंय?"

"अक्काला गोदामात येऊ द्यायचं का?"

"मी कधी नाही म्हटलं? टोपी, हात धुणं, वहीत नाव. आणि पोतं बंद." जरा थांबून म्हणाल्या, "त्या येत नाहीत का? अहो, आणा त्यांना. त्यांनी खरं सांगितलं नसतं तर तुम्ही त्या दिवशी फार वाईट अडकला असता."

धुळ्याला गेलो. अक्कानं चहा दिला. पहिल्याच घोटाला ओळखलं: त्यात आमची दालचिनी होती. वरचा थर मी उपसलाच होता, तरी तिनं सगळं पोतं चाळून बरण्यांत भरून ठेवलं होतं. सुनेला तिनं माझ्यापेक्षा चांगलं वागवलं होतं.

"वहीमा नाव लिखनं पडी?" तिनं विचारलं.

"लिहावं लागेल, अक्का. मीही लिहितो. बायकोलाही लिहायला लावतो. आता सगळ्यांनाच वही." हे त्या क्षणी खोटं होतं, पण घरी गेल्या गेल्या मी ते खरं केलं. आजही गोदामात पाय टाकण्याआधी मी रोज स्वतःचं नाव लिहितो. कारणाच्या रकान्यात लिहितो: मालक. बायको तिच्या नावापुढे लिहिते: मालकावर लक्ष.

"अन् पोतं उघाडानं नही?"

"नाही."

अक्कानं चहा संपवला. मग उठली, आतून पिशवी आणली. "चाल."

जळगावला पोचल्यावर तिनं हात धुतले, कोपरापर्यंत, सर्जनसारखे. पांढरी जाळीची टोपी अंबाड्यावर चढवली आणि बायकोला विचारलं, "कशी दिखस मी?" "नवरीसारखी," बायको म्हणाली. अक्कानं वहीत मोठ्या, वाकड्या अक्षरांत नाव लिहिलं. येण्याच्या कारणासमोर लिहिलं: सूनमुख.

मग ती पहिल्या पोत्याशेजारी बसली. निळा दोरा जसाच्या तसा. माझा हात नकळत मिशीकडे गेला. अक्कानं आरसा समोर धरला, पोतं आरशात पूर्ण दिसेपर्यंत इकडेतिकडे हलवला. करंडा उघडला. बोट कुंकवात बुडवलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं ते बोट पोत्याला नाही, आरशाला टेकवलं. काचेत उभ्या असलेल्या दालचिनीच्या कपाळावर लाल ठिपका उमटला, बरोबर हिरव्या ठिपक्याच्या वर. खरं पोतं कोरं करकरीत.

तिनं आरसा माझ्या हातात दिला आणि पदर सावरला.

"चालू द्या," ती म्हणाली. "अन् आते बलाव तुनी मॅडमले. बठ्ठा पोता देखू दे."